स्वयंपाकघरावरचा माळा

सास्तूर

प्रिय नंदिनी,

परवा फोनवर तुझं बोलणं अर्धवटच राहिलं. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहिते. इथं सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीचा, राजेश्वरीचा ताप उतरला. म्हैस आटली. स्वयंपाकघरात आग लागली होती, पण कुणाला काही झालं नाही, म्हणून कळवलं नव्हतं.

सिद्धलिंगचं लग्न झाल्यापासून घर अपुरं पडत होतं. स्वयंपाकघराच्या वर, पत्र्याखाली, आपण कांदे नि जुनी अंथरुणं ठेवायचो तो माळा आठवतो ना? तिथं त्यानं आपली खोली करायची ठरवली. गवंडी म्हणाला, स्लॅब टाका. मी नको म्हणाले. लाकडी तुळया आणि वर फळ्या, एवढ्यालाच मी कबूल झाले. सिद्धलिंग म्हणाला, "आई, खाली गॅस, वर आमी झोपणार. फळ्या पेटल्या तर आमी थेट खाली." त्यानं तुळयांच्या मधे न पेटणारी, कापसासारखी लोकर भरली आणि खालच्या अंगानं जिप्सम बोर्डाचे दोन थर मारायला घेतले. वायरीचं भोकसुद्धा लिंपून टाकलं. जिना अंगणातून वर काढला. "हे छत अर्धा तास तरी आग वर जाऊ देत न्हाय," म्हणाला. मी एक बोर्ड उचलून पाहिला. लई जड. एवढं वजन डोक्यावर नको म्हणून मी बरेच दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. चूल परसातल्या छपराखाली मांडली, तिथंच भाकरी करायची.

येळवस अमावस्येच्या आदल्या दिवशी राजेश्वरी तापानं वर पडून होती, म्हणून मलाच आत गॅसवर जावं लागलं. तेल तापत ठेवून तिला काढा द्यायला जिन्याशी गेले, तेवढ्यात कढई पेटली. मग फडताळाचा पडदा, मग फडताळ. सिद्धलिंग दोन उड्यांत वर गेला आणि तिला खांद्यावर टाकून खाली घेऊन आला. शेजारच्या बब्रुवान अण्णांनी ओली पोती आणि माती टाकून आग विझवली. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता, "बाई, मागं सरका!"

मी सरकले नाही. खिडकीतून छताकडं बघत होते. आता येईल खाली, असं वाटत होतं. खालच्या थराचे तुकडे पडले, दुसरा काळा पडला, पण जागेवर राहिला. नंतर वर जाऊन पाहिलं तर फळ्या नुसत्या कोमट होत्या. राजेश्वरीची गादी जशीच्या तशी होती.

भूकंपात आपल्या जुन्या घराचं मातीचं माळवद असं जागेवर राहिलं नाही. तुझ्या आधी आपल्या घरात तुझी मोठी बहीण होती, ज्ञानेश्वरी, हे तुला तुझ्या वडिलांनी सांगितलं असेल. मी कधी बोलले नाही. नुकती चालायला लागली होती. वर इतकी माती आणि इतके दगड होते की तिला काढायला दुपार झाली. तेव्हापासून मी पत्र्याखाली किंवा ओसरीवर झोपते. लोकांना वाटतं मला उकडतं.

सिद्धलिंगनं छताला नवे बोर्ड मारले. काल दुपारी मी स्वयंपाकघरात त्याच छताखाली चटई टाकून आडवी झाले. डोळा लागला नाही, पण उठूनही आले नाही.

डॉक्टरांनी तुला प्रवास नको सांगितलाय, म्हणून तू किती वेळा म्हणालीस, आई, बाळंतपणाला तूच पुण्याला ये. मी कधी म्हैस सांगितली, कधी गुडघे. खरं तर तुझ्या घरावर अजून किती मजले आहेत, तेवढंच माझ्या डोक्यात यायचं. तर मी येते. रविवारी सिद्धलिंग आणून सोडतोय. सुरुवातीला माझं अंथरूण दाराजवळ घाल आणि दाराला कडी लावू नकोस. बाळ आलं की मी आत, त्याच्याजवळ झोपेन.

तुझीच,
आई