छापलंय ते वाच

बाबा, परवा ऑफिसात मी एक घोळ घातला आणि तुमच्याच शिकवणीने निस्तरला.

आमच्याकडे प्रोग्रॅम तयार झाला की त्याला चालायला दुसरे कोणते लागतात, ते एक यंत्रणा आपणहून शोधते. मी दिलेल्या यादीवर ती विसंबत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावात अक्षरांची एक लांबलचक खूण असते, दुसऱ्या कुणाचीच नसते अशी. यंत्रणा तयार फाइल अक्षर न् अक्षर चाळते. ज्याची खूण आत सापडली तो लागतो. ज्याची कुठेच सापडली नाही तो साफसफाईत जातो. मी शहाणपणा करून जागा वाचवायला तयार फाइल दाबून लहान केली. आतल्या खुणा वाचण्यासारख्या उरल्या नाहीत, गरजेचाच प्रोग्रॅम उडाला आणि सकाळपासून काही चालेना. सगळे माझी यादी तपासत बसले. यादी बरोबरच होती.

तेव्हा तुम्ही नोकरीला होतात तो गिरगावातला छापखाना आठवला. तुम्ही अक्षरांचे खिळे जुळवताय, मी शाळेतून येऊन स्टुलावर बसून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचतेय. नवरीचं आडनाव चुकलंय, पण मला दिसत नाही, कारण लिहून आलेल्या कागदावर ते बरोबर आहे. तुम्ही टपली मारलीत. "लिहून काय दिलंय ते मला नको सांगू. छापलंय काय, ते वाच." परवा मी यादी बाजूला ठेवली, तयार फाइल उघडून वाचली आणि दहा मिनिटांत चूक सापडली. साहेब खूश झाले. "हे कुठे शिकलीस गं?"

"कॉलेजमध्ये," मी म्हटलं.

मला माझीच लाज वाटली, आणि ती काही पहिल्यांदा नव्हे. माझं लग्न ठरवायला दादरला मुलाकडे निघालो, तेव्हा टॅक्सीत मी तुम्हाला सांगितलं होतं, "बाबा, मी त्यांना सांगितलंय, छापखाना आपला आहे." तुम्ही बाहेर बघत "बरं" म्हणालात. तिथे कुणी धंद्याचं विचारलं, तर "चाललंय ठीक" एवढंच. चहा आला. नखांत शाई बसलेली तुमची बोटं मुठीत मिटलेली होती, ती तुम्ही उघडलीच नाहीत. कप तसाच गार झाला. मी बघत होते, बाबा, आणि मला हायसं वाटलं होतं.

हे पत्र पाठवणार नाहीच, पण घरात कुठे ठेवावं कळत नाही. कुणाच्या हाती लागलं तर? सासरी अजून तुम्ही मालकच आहात.