मोटरसायकल, तिचा स्टीलचा ब्रेकपाइप आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, पंप कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेली विधवा बाई, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे दाखले सोबत टाचले आहेत. दोन डॉक्टरांचे घेतले, कारण पहिल्याने फारच पटकन दिला. गेल्या महिन्यात रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. सुनेला या घरातला एक चमचाही मिळू नये असे त्यात लिहिले होते. ते का लिहिले आणि का मागे घेतले, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. घर. हे माझ्या स्वकष्टाचे आहे, खाली दोन खोल्या आणि वर दोन. माझ्या पश्चात ते मुलगा आणि सून यांना समसमान मिळावे. दोघांच्या सह्यांशिवाय ते विकता येणार नाही. मुलगा गोड बोलणाऱ्याच्या लगेच कह्यात जातो, म्हणून ही अट. मागच्या भिंतीची ओल शेजाऱ्याच्या टाकीमुळे आहे. तो कानावर हात ठेवेल, तरी त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी.

कलम २. बँकेतली ठेव मुलाला. आकडा त्याने बँकेत विचारावा. आधीच माहीत असेल तर मला नवल वाटणार नाही.

कलम ३. हत्यारे. सगळी हत्यारे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तो कुजबुजला तरी चार घरे ऐकतात. अपवाद फक्त मायक्रोमीटरचा. धाकट्या दिरांनी तो “जरा बघून देतो, वहिनी” म्हणून नेला आणि पाना समजून त्यात नट आवळला. तेव्हापासून तो खरे माप म्हणून सांगत नाही. तो दिरांनाच द्यावा. दोघांचे जमेल.

कलम ४. मोटरसायकल. लोक ती यजमानांची समजतात. ती मी माझ्या पगारातून घेतली. कारखान्यात तपासून झालेल्या प्रत्येक बोल्टवर मी पिवळ्या रंगाची रेघ ओढत असे, निम्मी बोल्टवर आणि निम्मी खालच्या भागावर. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते आणि कोणी हात लावला ते उघडे पडते. ती सवय मी घरी आणली. गाडीवर, पाण्याच्या मोटरवर, गॅसच्या शेगडीवर, सगळीकडे माझ्या रेघा आहेत.

वर्षभरापासून पुढचा ब्रेक मऊ लागत होता. लिव्हर थेट मुठीपर्यंत यायचा. मी समजले, माझ्या हातातला जोर चालला. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही, नाहीतर मुलाने चावी काढून घेतली असती. ब्रेक दोनदा दाबून वेळ मारून नेत होते. पाइपाच्या बोल्टवर माझी रेघ शाबूत होती, म्हणून पाइपावर संशयच आला नाही. जगावर संशय घेतला, फक्त मी पास केलेल्या वस्तूवर घेतला नाही.

मग मी काही दिवस बहिणीकडे राहून आले. आल्यावर गाडी काढली, फाटकापाशी ब्रेक दाबला, तर लिव्हर अर्ध्यावरच घट्ट थांबला. वाकून पाहिले. काळा रबरी पाइप नव्हता. त्याच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी विणलेला चकचकीत पाइप होता. माझ्या रेघाही नव्हत्या. माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलाला साधा स्क्रू काढता येत नाही आणि दुसरी चावी सुनेकडे असते. घर माझ्या नावावर आहे. म्हातारीच्या ब्रेकला कोणी गुपचूप हात लावतो तो कशासाठी, हे मला कोणी सांगायला नको होते. त्याच संध्याकाळी मी पहिले मृत्युपत्र लिहिले.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत भोंग्याकडे नेली. म्हटले, “काय बिघडवून ठेवलंय ते शोध.”

“मावशी, बिघाड जुन्या पाइपात होता,” तो म्हणाला. “रबर जुनं झालं की दाबानं फुगतं. तुमचा सगळा जोर पाइप फुगवण्यातच जात होता. स्टीलची जाळी त्याला फुगू देत नाही. हात ठणठणीत आहे तुमचा.”

“बसवला कोणी? तूच ना?”

“मी नुसता शेजारी उभा होतो. वहिनींनी बसवला. तांब्याचे वायसर नवे घातले, आतली हवा काढायला दुपारभर लिव्हर दाबत बसल्या. सांगू नका म्हणाल्या होत्या.”

मी चष्मा लावून पुन्हा वाकले. प्रत्येक बोल्टवर रेघ होती, निम्मी वर आणि निम्मी खाली. लाल. नेलपॉलिशची.

घरी येऊन सुनेला समोर बसवले. “माझ्या गाडीला हात कशाला लावलास?”

“आई, तुम्ही फाटकापाशी दोनदा ब्रेक दाबता. मी वरच्या खिडकीतून रोज बघते. तुम्ही परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.”

“मग बोलायचं होतंस.”

“बोलले असते तर मला गाडीजवळ उभं केलं असतंत?”

केले नसते. “आणि त्या रेघा?”

“माझ्यानंतर कोणी हात लावला तर तुम्हाला कळायला नको?”

तरीही मी आठवडाभर रोज सकाळी वाकून रेघा तपासल्या. एकही तुटली नाही, तेलाचा थेंब गळला नाही. मी खोट शोधली नाही असे कोणी म्हणू नये. या घरात सगळे माझ्या जाण्याकडे डोळे लावून बसले आहेत असे मी धरून चालले होते. मी परत यावे म्हणून कोणी खिडकीत उभे राहते, हे कळल्यावर मला रडू आले.

सबब मोटरसायकल सुनेला, आणि ती आजपासूनच. मृत्युपत्रात असे चालत नाही म्हणतात. न चालो.

कलम ५. मी आजवर कोणाच्याही मागे गाडीवर बसले नाही, यजमानांच्याही नाही, कारण मागे बसले की ब्रेक दुसऱ्याच्या हातात असतो. आज बसणार आहे.

साक्षीदार : (१) गॅरेजवाला भोंगा. हत्यारे त्याला मिळणार म्हणून त्याची साक्ष चालत नाही, असे आत्ताच कळले. खोडले. (२) समोरच्या निवृत्त परिचारिका. (३) त्यांचे यजमान, ज्यांनी न वाचता सही केली. मी वाचायला लावले.

ठिकाण : घराचे फाटक, कागद परिचारिकाबाईंच्या पाठीवर ठेवून. तारीख सहीखाली माझ्या हातची आहे. सही नेहमीपेक्षा वाकडी आली, त्याचा कोणी भलता अर्थ काढू नये. मी मागच्या सीटवर बसले आहे, सुनेने इंजिन चालू केले आहे, आणि डाव्या हाताने मी तिचा खांदा धरला आहे.