आपल्या घरची सीट

आबा, आपल्या घरची सीट काल गेली. खारघरच्या ज्या कॉलेजला तुम्ही लायब्ररी बांधून दिलीत, त्याच्या कमिटीवर तुमच्या जागी आता मी बसते. देणगीदारांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना मार्क न बघता मिळणारा प्रवेश बंद करा, असा ठराव आला. काय तो थयथयाट! संगमरवरावर नाव कोरलेली सगळी मंडळी एकदम संस्कृतिरक्षक झाली. "परंपरा आहे मॅडम," एक बिल्डर मला म्हणाला. डोंबलाची परंपरा! तिथल्या पहिल्या बॅचला आपला दादा होता. जिची सुरुवात दादापासून, ती परंपरा काय लायकीची असणार? एक हॉल आणि चार पंखे दिले की सात पिढ्यांची अक्कल विकत मिळते, असं वाटतं या लोकांना. आयत्या बिळावरचे नागोबा नुसते.

घरी आले तर दादा टपूनच बसलेला. त्याला यंदा पोराला तिथेच घालायचं होतं. "बापाच्या पैशावर कॉलेज उभं आणि नातवालाच दार बंद? तू होतीस ना तिथं?" होते की. पहिला हात माझाच वर गेला. दादा त्या सीटवर शिकला, म्हणजे कँटीनमध्ये बसला, आणि आज तुर्भ्याच्या गोडाउनांचं भाडं गोळा करतो. त्याला पदवी कशाला लागते, देव जाणे. पोरगा मात्र हळूच म्हणाला, "आत्या, मी माझ्या मार्कांवर ट्राय करू?" त्यावर दादा त्याच्याच अंगावर खेकसला.

तो दिवस आठवतो का तुम्हाला? दादा एकदा नापास होऊन माझ्याच वर्गात आलेला, त्यामुळे दोघांचे प्रवेश एकाच वर्षी. मी मोरीपाशी कोलंबी सोलतेय. तुम्ही दारात चपला घालताय, दादासाठी शब्द टाकायला निघालाय. मी विचारते, "आणि माझ्यासाठी?" तुम्ही मागे न बघताच म्हणता, "तुला कशाला शब्द? तू तुज्या मार्कांवर जाशील. त्याला माज्याबिगर कोन हाय?" गेले मी मार्कांवर, वाशीच्या कॉलेजात. प्रवेशाच्या रांगेत सगळ्यांचे बाप होते.

हे पत्र कुठे पाठवणार? लायब्ररीतल्या तुमच्या फोटोला हार घालतात, त्यामागे खोचू? काल मी समान संधीवर भाषण ठोकलं, टाळ्यासुद्धा पडल्या. खरं तेवढं तुम्हालाच सांगते. हात वर करताना कुठलंच गरीब पोर माझ्या डोळ्यांपुढे नव्हतं. दारातून निघालेली तुमची पाठ होती. गरज नव्हतीच मला, आबा. तरी एकदा माझ्यासाठीही चपला घालून निघायला हवं होतं तुम्ही.