माझ्याच डबीत तीन जातींचे जंतू

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता कात्रपच्या एका लॅबमध्ये हेड टेक्निशियन आहे, आणि मागच्या महिन्यात मी जे केलं ते सांगावं असं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

उल्हासनगरच्या तुमच्या लॅबमधला माझा पहिला आठवडा. कापडदुकानाचे सिंधी शेठ लघवीचा नमुना लोणच्याच्या बरणीत घेऊन येतात आणि मी मुकाट्याने त्यावर नंबर टाकते. तुम्ही बरणी उजेडात धरता. "शेठ, यात जंतू वाढले तर ते तुमचे समजू की कैरीचे?" "साईं, तीन बार धोया है," शेठ म्हणतात. तुम्ही त्यांना निर्जंतुक डबी देता, सुरुवातीची धार सोडून मधली कशी धरायची ते तुमच्या हिंदीत समजावता, आणि ते गेल्यावर माझ्याकडे वळता. "नमुना चुकीचा घेतलास, तर चुकीचं औषध तू दिलंस. डॉक्टरने नाही." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमची मिलिमीटरची पट्टी देऊन टाकलीत. नमुन्यातले जंतू ज्या प्लेटवर वाढवतो, तिथे औषधाच्या चकतीभोवती ते वाढत नाहीत, ते वर्तुळ मोजायला. तेव्हा वर्तुळं चांगली ऐसपैस असायची. आता कितीतरी प्लेटांवर जंतू चकतीला खेटून बसलेले असतात, मोजायला काही उरतच नाही.

तर मागच्या महिन्यात मला लघवीला जळजळ सुरू झाली. येईल त्याला "आधी कल्चर करा, कुठले जंतू ते कळू दे, मग औषध घ्या" म्हणून सांगणारी मी, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. पाच दिवसांच्या होत्या, दोन दिवसांत बरं वाटलं, बंद केल्या. आठवड्याने दुखणं दुप्पट होऊन परत आलं. अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरीणबाई, माझ्या मुलीच्या वयाच्या, म्हणाल्या, "ताई, आता तुम्हाला मी काय सांगू?" आणि पंधरा मिनिटं सांगत राहिल्या. नमुना मी आमच्याच लॅबमध्ये दिला, घाईघाईत. दुसऱ्या दिवशी आमची ज्युनिअर प्लेट घेऊन आली. "मॅडम, तीन जातींचे जंतू आलेत. नीट घेतलेला नाहीये नमुना. पेशंटला परत बोलवू का?"

"पेशंट इथेच उभी आहे," मी म्हटलं.

तिने मला नवी डबी दिली आणि सर, मधली धार कशी धरायची ते अगदी सावकाश समजावलं. मी मान डोलवत ऐकून घेतलं. दुसरा नमुना दिला त्याच संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढला, कमरेत कळा, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. डॉक्टरीणबाईंनी लगेच इंजेक्शन सुरू केलं. रिपोर्ट आला तेव्हा मी घेतलेली गोळी तर निकामी होतीच, बाकीच्याही बहुतेक गोळ्या तशाच. नशिबाने इंजेक्शन चालणारं निघालं. सात दिवस रोज टोचून घ्यायला गेले. एकही दिवस चुकवला नाही. आता बरी आहे.

हे पत्र टाकायचं तर तुमच्या घरच्याच पत्त्यावर, आणि ते काकूंच्या हाती लागेल. म्हणून ते माझ्याकडेच राहू दे. कारण तुमच्या तेराव्यानंतर काकूंनी तुमचा खण मला आवरायला दिला होता, आणि त्यात लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्यांची पट्टी होती, निम्मी शिल्लक. "कसल्या गं या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कॅल्शियमच्या.