उपकरण सापडलं नाही

सोमवार, ४

दिसत नाही म्हणजे नाही! सकाळपासून केबल काढतेय, लावतेय, काढतेय. लॅपटॉपचं एकच पालुपद — उपकरण सापडलं नाही. अरे बाबा, तुझ्या शेजारी वीतभर अंतरावर पडलंय ते! टॅबलेट मजेत चार्ज होतोय, बॅटरीचं चिन्ह हिरवंगार, आणि लॅपटॉपच्या लेखी तो जन्मालाच आलेला नाही.

ठरलं होतं साधंच. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हातात मावेल असा एक कॅमेरा मागवलाय, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा. तो टॅबलेटला जोडायचा. फोटो टॅबलेटवर यायला हवा, पेशंटच्या नावावर साठवला जायला हवा. बस. मी लॅपटॉपवर ॲप लिहायचं आणि केबलने टॅबलेटवर चढवून बघायचं. चढवते, कपाळ माझं!

दुपारी धाकट्याचा फोन. धंदा आम्हा दोघा भावंडांचा — मी ॲप लिहिते, तो गिऱ्हाईक आणतो आणि मला न विचारता त्यांना तारखा देतो. "ताई, लागलीस ना कामाला? मी त्यांना एकवीस तारीख सांगून टाकलीय." कुणाला विचारून? "अगं, त्या दिवशी कापडगिरणीतल्या कामगारांचे डोळे तपासायचेत. मालकाने कसाबसा होकार दिलाय. होईल गं, तू आहेस ना!"

मी आहे. टॅबलेट नाही.

मंगळवार, ५

केबल! दळभद्री केबल!

म्हणजे केबल चांगली होती, पण अर्धीच होती. काही केबलींमधून नुसती वीज जाते, माहिती जायची तारच आत नसते. वरून कळायला मार्ग नाही. ड्रॉवर उपडा केला तर पांढऱ्या केबलींचा हा गुंता! सगळ्या एका वळणाच्या, सगळ्या निरागस. एकेक लावत गेले. चार्जिंग, चार्जिंग, चार्जिंग... आणि एकीने टुंग केलं. लॅपटॉपला टॅबलेट दिसला! मी टाळी वाजवली, तर खालच्या शिंप्याचं मशीन क्षणभर थांबलं.

त्या केबलला लाल चिकटपट्टी लावली. बाकीच्या फेकायला निघाले तर बाबा आडवे आले — "चालू वस्तू कशाला टाकतेस?" आता पुन्हा ड्रॉवरमध्ये.

आनंद चहा गार होईपर्यंतही टिकला नाही. लॅपटॉप आता म्हणतो — दिसतो, पण परवानगी नाही.

बुधवार, ६

परवानगी नाही. परवानगी नाही. कुणाच्या पाया पडू?

गुरुवार, ७

टॅबलेटवर एक खिडकी यायला हवी — "या संगणकावर विश्वास ठेवायचा का?" आपण हो म्हणायचं, की झालं. ती खिडकीच येत नव्हती. सेटिंगमधला डेव्हलपरचा विभाग उघडला, डीबगिंग, म्हणजे ॲपमधल्या चुका शोधायची सोय, बंद केली, चालू केली. लॅपटॉप बंद, चालू. टॅबलेट बंद, चालू. स्वतः जराशी आडवी झाले, उठले. नाहीच.

शेवटी चिडून टॅबलेट उचलला तर — खिडकी समोर! काचेवर धूळ बसू नये म्हणून केबल लावताना दर वेळी मी तो पालथा ठेवत होते. बिचारा टेबलाच्या फळीला विचारत होता, विश्वास ठेवू का, विश्वास ठेवू का.

हे कुणालाही सांगणार नाही. धाकट्याला तर मुळीच नाही. जन्मभर ऐकवेल.

"कायम विश्वास ठेवा" वर खूण करून टाकली. ॲप चढलं. पांढरा पडदा, मधोमध एक बटण. बाबांना दाखवलं. "एवढ्यासाठी चार दिवस?" म्हणाले.

शनिवार, ९

कॅमेरा आणायला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, केस आखूड, बोलणं एक घाव दोन तुकडे. जुनं मशीन दाखवलं — टेबलाएवढं धूड, जागचं हलत नाही. "डोळा आतून सुकत जातो आणि माणसाला पत्ताच नसतो," म्हणाल्या. "दुखत नाही, खुपत नाही. माझ्याकडे येतात तेव्हा निम्मं गेलेलं असतं. माझं मशीन त्यांच्या दारात जाऊ शकत नाही, म्हणून हा खटाटोप. तुमच्या भावाने सांगितलं, ॲप जवळजवळ तयार आहे?"

जवळजवळ! मी नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्यांनीच ठरवावं.

घरी येऊन कॅमेरा लावायला गेले, तर काय? टॅबलेटला भोक एकच! तिथे कॅमेरा लावला की लॅपटॉपची केबल काढावी लागते. लॅपटॉप काढला की आत काय बिनसलंय ते मला दिसत नाही. म्हणजे रोगी तपासायचा तर डॉक्टरने खोलीबाहेर जायचं!

सोमवार, ११

लॅपटॉप आणि टॅबलेट वायफायवरून जोडले. आता भोक मोकळं. हुश्श!

कॅमेरा लावला. टॅबलेटने विचारलं, या ॲपला कॅमेरा वापरू द्यायचा का? हो रे बाबा, हो. चित्र आलं! राखाडी, धूसर, पण आलं. मी बटण दाबलं आणि — गायब. उपकरण सापडलं नाही. पुन्हा लावला. पुन्हा विचारलं. हो. आलं. बटण. गायब.

दिवसभर हेच. तो विचारतो, मी हो म्हणते, तो पळून जातो.

मंगळवार, १२

कॅमेरा विकणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर फोन. बराच वेळ संगीत ऐकवलं. मग एक गोड आवाज — "मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघता का?"

मी फोन बंद केला. चालू केला नाही.

बुधवार, १३

आज तोंडातोंडी झाली. फार झाली.

धाकटा आला तोच शीळ घालत. "डॉक्टरीणबाईंना सांगितलं, झाल्यातच जमा आहे!" मी म्हटलं, कसलं झालंय? कॅमेरा दोन क्षण टिकत नाही. मी कोडमध्ये कुठे कुठे शोधतेय, मला अजून कळलेलंही नाही चूक माझी आहे, कॅमेऱ्याची की टॅबलेटची. तर म्हणतो, "तू फार खोलात जातेस, ताई. काहीतरी छोटंसंच असणार."

छोटंसंच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मग बस इथे आणि शोध ते छोटंसं. तुला काय, जिभेला हाड नाही, तारखा वाटत सुटायचं. निस्तरायला मी आहेच. लहानपणापासून हेच!

तो आधी हसण्यावारी नेत होता. मग त्याचाही तोल गेला. "मी दारोदार हिंडतो म्हणून तुला इथे बसून केबली मोजता येतात. जमत नसेल तर तसं सांग, दुसरं कुणी बघू."

दुसरं कुणी.

मी लाल पट्टीवाली केबल त्याच्या अंगावर भिरकावली. लागली नाही. लागायला हवी होती, असं तेव्हा वाटलं. बाबा आतल्या खोलीतून आले, दोघांकडे बघितलं, म्हणाले, "तुम्ही दोघं अजून त्याच वयात आहात," आणि परत गेले. धाकटा दार आपटून गेला. शीळ नाही.

केबल कपाटामागे पडलीय. कपाट सरकवायला अंगात बळ नाही.

गुरुवार, १४

अबोला. त्याचा निरोप बाबांमार्फत: "विचारा तिला, कुठवर आलंय." माझं उत्तर बाबांमार्फत: "सांगा त्याला, केबली मोजतेय." बाबा म्हणाले, "मी पोस्टमन नाही," तरी दोन्ही निरोप पोचवलेच.

कपाट सरकवलं. केबल शाबूत. मी तितकी नाही.

शुक्रवार, १५

सापडलं!!

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. सकाळी कोडला हातच लावला नाही. हाताची घडी घालून नुसती कॅमेऱ्याकडे बघत बसले, हट्टी पोराकडे बघतात तशी. लावला. चित्र आलं. बटण दाबलं नाही. चित्र टिकलं! चहा करून आले, तरी टिकून होतं. मग बटण दाबलं — गायब. म्हणजे कॅमेरा आपणहून जात नाही, बटण दाबल्यावर जातो. आणि बटण दाबल्यावर होतं काय? फोटोसाठी त्याचा दिवा लागतो. दिव्याला वीज लागते. ती द्यायची बिचाऱ्या टॅबलेटने! तेवढी त्याच्या अंगात नाही. दिवा लागतो, कॅमेऱ्याला भोवळ येते, टॅबलेट म्हणतो, उपकरण गेलं.

माझ्या कोडमध्ये चूक नव्हतीच. पाच दिवस मी स्वतःला शिव्या घालत होते!

बाजारात जाऊन मधे लावायचा हब आणला, ज्याला वीज वेगळी देता येते. वीज भिंतीतून, माहिती टॅबलेटकडे. बटण दाबलं. दिवा लागला. कॅमेरा जागचा हलला नाही. बटण, दिवा, फोटो. बटण, दिवा, फोटो. टेबलाच्या कोपऱ्याचे, बाबांच्या चष्म्याच्या घराचे, छताचे फोटो. मी खोलीत एकटीच गरगर फिरले.

आणि मग पहिल्यांदा फोनकडे हात गेला तो धाकट्याला सांगायला. अर्ध्यात मागे घेतला. दुसरं कुणी बघतोय ना? बघू दे.

शनिवार, १६

प्रत्येक वेळी परवानगी विचारायचा त्याचा चाळा अजून होता. गिरणीत माणसांची रांग लागलेली असताना डॉक्टरीणबाई किती वेळा हो म्हणणार? "हा कॅमेरा आपला, ओळखीचा" असं ॲपमध्ये आधीच नोंदवून ठेवता येतं. ठेवलं. आता एकदाच विचारतो आणि गप्प बसतो. सगळ्यांनीच असं करावं.

सोमवार, १८

डोळा हवा होता. छताचे फोटो किती काढणार! स्वतःचा काढायला गेले तर एक डोळा कॅमेऱ्यात आणि दुसरा टॅबलेट शोधतोय, नुसती तारांबळ. बाबा तयार झाले, पण प्रकाश पडला की डोळे घट्ट मिटतात, आणि वर मलाच विचारतात, "आला का?"

एवढ्यात जिन्यावर पावलं. धाकटा. दारातच उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"बाबा म्हणाले, तुला डोळा हवाय."

"हवाय."

"माझा चालेल?"

माफी नाही, काही नाही. मीही मागितली नाही. स्टूल पुढे सरकवलं. पडदे ओढून खोली अंधारी केली. तो पुस्तकांच्या चळतीवर हनुवटी टेकवून बसला, अगदी शहाण्या मुलासारखा. "हलू नकोस." "हलत नाहीये." "बोलू पण नकोस." "तूच बोलायला लावतेयस."

आधी उजवा, मग डावा. बटण, दिवा, फोटो. टॅबलेटवर एक नारिंगी गोल उगवला. त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रेघा, एका बाजूला उजळ टिकली. मी कितीतरी वेळ बघत राहिले. एवढा जवळचा माणूस, आणि हे आपण कधी बघितलेलंच नसतं.

"हे माझ्या डोक्यात आहे?" तो म्हणाला. "मला वाटलं, आत काहीच नसेल."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना तो हळूच म्हणाला, "दुसरं कुणी नव्हतंच गं, ताई. मी कुठे कुणाला ओळखतो!" मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग ॲपमधूनच दोन्ही फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवले. नावाच्या जागी लिहिलं — चाचणी.

बुधवार, २०

काल सकाळी त्यांचा फोन. ॲप कसं आहे, एक अक्षर नाही. "तो चाचणी म्हणून पाठवलेला डावा डोळा कोणाचा? आजच घेऊन या."

काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेलेली आहे, आणि धाकट्याला ठाऊकच नव्हतं. "मला तर सगळं दिसतं," म्हणत होता. त्यांनी उजवा डोळा झाकून बाजूला बोट धरलं. तो विचारत राहिला, "कुठे? कुठे आहे बोट?"

गेलेली परत येणार नाही. उरलेली टिकेल, पण डोळ्यात थेंब घालायचे, कालपासून, जन्मभर. रक्ताच्या नात्यात असतो हा आजार, म्हणून बाबांचे आणि माझे डोळे शुक्रवारी. उद्याची गिरणी ठरल्याप्रमाणे.

येताना स्कूटर मी चालवली. तो मागे बसला होता, माझा खांदा घट्ट धरून.