न उडालेल्या हेलिकॉप्टरचं बिल

२४ सप्टेंबर

प्रिय व्हर्जिल,

पाकिटावर हाताने पत्ता लिहिलाय, चांगला ठळक, म्हणजे निदान हे तरी तू न फोडता कचऱ्यात टाकणार नाहीस. छापील पत्त्याची पाकिटं तू उघडत नाहीस. फोनही उचलत नाहीस. त्या मेल्या वसुलीवाल्यांनी आपल्याच गावचा नंबर दिसावा अशी काहीतरी युक्ती करून तुला इतकं छळलंय, की आता सख्ख्या बहिणीचा फोन आला तरी तुला तेच वाटतात. म्हणून आधी कामाचं सांगते, शिव्या नंतर. नऊ ऑक्टोबरला, गुरुवारी, सकाळी साडेनऊला तुला इथल्या कोर्टात उभं राहायचंय. त्या वसुलीवाल्यांनी तुझ्यावर दावा ठोकलाय. गाव सोडताना टपालात तू माझा पत्ता देऊन गेलास, म्हणून समन्स माझ्या दारात आलं. तू आला नाहीस तर कोर्ट काही विचारायच्या भानगडीत पडणार नाही, निकाल सरळ त्यांच्या बाजूने. मग तुझ्या प्रत्येक पगारातला चौथा हिस्सा, तुझ्या हातात पडायच्या आत, ते उचलून नेतील. चार वर्षं तरी.

कशाचं देणं, ते मी तुला सांगायला नको. पण मला लिहू दे, कारण इथे कुणाशी बोलायला गेलं की लोक मान हलवतात आणि हवापाण्याचं विचारतात. सात वर्षांपूर्वी त्या एप्रिलमध्ये शाळेच्या मैदानात ते हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरातून ॲप्रनसकट धावत आले होते. तुझ्या डोरीनला आत ठेवलं, दार अजून लावायचं होतं, आणि त्या दोन नर्सनी एकमेकींकडे पाहिलं. मग पंखा फिरायचा थांबला. त्यांनी पुढे केलेला कागद तू रुग्णवाहिकेच्या बॉनेटवर ठेवून सही केलीस. दीड महिन्याने बिल आलं. पेशंटला कोलंबसच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचवल्याबद्दल अडतीस हजार डॉलर! तू ते घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलास आणि म्हणालास, बाई, ते जमिनीवरून वीतभरसुद्धा उठलं नाही. आणि ती काउंटरवरची पोरगी म्हणाली, “सर, पण ते आलं तर होतं ना?” आलं तर होतं! व्हर्जिल, आजही हे वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. एक सेंट देणार नाही, असं तू त्या दिवशी गाडीत बसताना म्हणालास. देणं बुडवायची आपल्या घराची रीत नाही. आईने वाण्याची शेवटची उधारी स्वतःचं औषधपाणी अर्धवट टाकून फेडली होती. पण हे देणं नव्हतं, ही दरोडेखोरी होती. तू बरोबर होतास.

मग ते बिल विकलं गेलं. मला आधी पटेना, बिल कसं विकतात? पण विकतात, गठ्ठ्याने, रद्दीच्या भावात. डोरीनचा शेवटचा दिवस कुणीतरी कुणाला तरी विकला, त्याने तिसऱ्याला. या तिसऱ्याने आजवर तीनदा नाव बदललंय. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात, दुसरं काय! सकाळी आठच्या आत फोन करायचा नाही असा कायदा आहे म्हणे, म्हणून आठच्या ठोक्याला करायचे. तू उत्तरेत डकोटाच्या तेलविहिरींवर कामाला निघून गेलास तशी त्यांनी माझी मानगूट धरली. त्यांचा माणूस, तो मिस्टर हेन्ली. आवाज असा गोड, जणू चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवतोय. “मॅडम, तुमच्या भावाची काळजी वाटते आम्हाला.” मी म्हटलं, इतकी काळजी असेल तर मेलेल्या बायकोचं बिल त्याला का धाडता? तर म्हणतो, “मी तुमचा राग समजू शकतो.” समजू शकतो म्हणे! समोर असता तर कढईतला रस्सा डोक्यावर ओतला असता.

घरचा फोन मी काढून टाकला, तर शाळेत करायला लागले. मी दोनशे पोरांसाठी बीन्स ढवळतेय आणि ऑफिसातली मिसेस पिकेट दारात उभी, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी: “अल्मा, पुन्हा तुझ्या भावाचे थकबाकीवाले!” दुसऱ्याला देण्याबद्दल सांगायला त्यांना कायद्याने बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि नजर चुकवत म्हणाले, हा फोन शाळेचा आहे, अल्मा, तू काहीतरी मिटव बघ. एकवीस वर्षं मी तिथे चूल सांभाळतेय. त्या दिवशी पहिल्यांदा मला चोर असल्यासारखं वाटलं.

समन्स आल्यावर मी वाचनालयात गेले. तिथे बुधवारी एक फुकट सल्ला देणारी वकील बसते, मिस ट्रेव्हिनो, वयाने पोरसवदा, पण जीभ धारदार. तिने सगळं वाचलं आणि विचारलं, शेवटचा पैसा कधी भरला होता? कारण ज्याच्यावर देणं आहे त्याने सहा वर्षं काहीच भरलं नाही तर ते मरतं, कोर्टात चालत नाही. तुझं गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मेलं असतं. पण यांच्या कागदावर आहे, गेल्या वर्षी फेब्रुवारीत व्हर्जिल स्टॅम्परने वीस डॉलर भरले. तेवढ्याने घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. ती म्हणाली, हा यांचा नेहमीचा डाव आहे. मुदत संपत आली की गोड बोलायचं, फक्त वीस डॉलर द्या, मन साफ असल्याची खूण म्हणून. आणि फसतात कोण? बुडवे नाही फसत. ज्यांना कुणाचं देणं राहिलं की झोप लागत नाही, तेच फसतात.

तिने आणखी एक सांगितलं, ते नीट वाच. यांच्याकडे बहुतेक वेळा धड कागदच नसतात. समोरचा माणूस कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, दाखवा पुरावा, की यांची तारांबळ उडते. “पण तो आलाच नाही, तर पुरावा मागणार कोण?” असं ती म्हणाली. दहातले आठ लोक येत नाहीत. लाज वाटते म्हणून, पाकीट फोडलं नाही म्हणून, आपण हरणारच असं वाटतं म्हणून. तुझ्यासारखे.

इकडे बाकी ठीक. तुझी गाडी कोठारात झाकून ठेवलीय, महिन्यातून एकदा चालू करते. शुक्रवारचं चर्चमधलं मासे-जेवण पुन्हा सुरू झालंय, तुझी खुर्ची अजून कुणी घेतलेली नाही, आणि रॉय टॉलिव्हर दरवेळी विचारतो, तो तेलवाला डकोटातून कधी येणार? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. डोरीनच्या दगडाभोवतीचं गवत मीच कापते. एवढं सगळं लिहिलं, पण जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

ते वीस डॉलर मी भरले, व्हर्जिल. मुख्याध्यापकांनी बोलावलं त्याच दिवशी. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली होती माझी. हेन्ली म्हणाला, मॅडम, फक्त वीस, मग शाळेत फोन नाही. आणि चेकच्या खालच्या ओळीत भावाचं नाव लिहा, म्हणजे त्याच्या खात्यात नीट जमा होईल. मी लिहिलं. आईसारखं, नीट, सुवाच्य अक्षरात: व्हर्जिल स्टॅम्परतर्फे. दोन महिने कळ काढली असती तर ते मेलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्यात डोरीन एक इंचसुद्धा उडाली नाही, त्याचे पैसे मी तुझ्या नावाने दिले, आणि दीड वर्ष तुला सांगितलं नाही, कारण मला तुझी भीती वाटत होती. मिस ट्रेव्हिनोने विचारलं, त्याने भरायला सांगितलं होतं का? मी म्हटलं, त्याला माहीतच नाही. ती म्हणाली, मग ते त्याचं भरणं नाही, पण हे त्याने स्वतः येऊन सांगायला हवं. तर ये. न्यायाधीश विचारतील, हे पैसे तुम्ही भरलेत? तू फक्त ‘नाही’ म्हण. मग मी उठेन, त्या चेकची बँकेतली नक्कल हातात घेऊन, मिसेस पिकेट आणि अख्खं गाव ऐकत असलं तरी, आणि सांगेन की मी भरले. त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, नाही बोललास तरी मी काही म्हणणार नाही. पण गुरुवारी साडेनऊला तिथे उभा राहा.

तुझीच,
अल्मा