कोरं आणि पचलेलं

सोमवार, ४ मार्च

काढून टाका म्हणे! सगळा आलेख कसा शहाण्या मुलासारखा बसलाय, हा एकच आकडा मान वर काढून उभा आहे, तर काढून टाका!

आमच्या विभागप्रमुखांना प्रयोगशाळेत सगळे सरासरी म्हणतात. काहीही अडलं की यांचं उत्तर एकच – सरासरी घ्या. त्यांना हे नाव ठाऊक नाही. बहुतेक.

"मशीनमध्ये काहीतरी बिघडलं असेल हो."

मशीन! तीनदा तपासलं मी. बाटल्या नव्या, पाणी नवं, सगळं पहिल्यापासून. तरी आकडा तिथेच. मशीन बिघडलेलं नाही. कुणीतरी माणूस बिघडलाय.

काम तसं साधं आहे. वस्तीचं सांडपाणी आणायचं आणि लोकांची कुठली औषधं त्यात उतरतात ते मोजायचं. गोळी गिळली की शरीर ती बदलून टाकतं. बाहेर येतं ते जवळजवळ सगळं बदललेलं. त्याला आम्ही 'पचलेलं' म्हणतो. न गिळता गोळी संडासात टाकली तर ती जशीच्या तशी येते. ती 'कोरी'. माझ्या नमुन्यात फिट्सच्या गोळीचं पचलेलं जेमतेम आणि कोरं उदंड. म्हणजे कुणीतरी रोज चांगली गोळी ओतून देतंय. शुद्धीकरण केंद्रात हे औषध अडत नाही. थेट नदीत, माशांच्या पोटात.

आणि गोळी कुठली? बाबा घेतात तीच! इथे माझा बाप ती वेळेवर घेऊनही धाडकन पडतो, आणि तिकडे कुणी महाभाग ती पाण्यात सोडतोय. सापडू दे फक्त.

मंगळवार, ५ मार्च

बाबांना पुन्हा फिट आली. जिन्यात. आत्या ओरडत बाहेर आली तोवर ते तीन पायऱ्या खाली होते. कपाळाला खोक पडली. डोकं आपटलं असतं तर? जिना दगडी आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी मान वर न करता लिहिलं – सकाळी एकाऐवजी दोन गोळ्या. मी म्हटलं, अहो, एकीने काही होत नाहीये. तर म्हणे, "म्हणूनच दोन." काय पण बुद्धी!

बाबा काहीतरी सांगायला गेले, "डॉक्टर, कानाला जरा –"

"वयोमानाने होतं."

मीही म्हटलं, बाबा, आधी फिटचं बोला.

रिक्षात आत्या सारखी म्हणत होती, "मी स्वतः वाटीत काढून हातात देते गं. एक दिवस चुकवला नाही." तिला वाटलं मी तिच्यावर चिडलेय. मी कुणावर चिडलेय ते माझं मलाच कळत नव्हतं. सगळ्यांवरच असेन.

गुरुवार, ७ मार्च

कोरं कालपासून दुप्पट! दुप्पट!!

सरासरींच्या टेबलावर कागद आपटला. हे मशीन म्हणायचं का? मशीन बुधवारचा मुहूर्त बघून दुप्पट बिघडतं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वैयक्तिक घेऊ नका." शेवटी आठ दिवस मिळाले. पंपिंग स्टेशनपासून उलटं जायचं, एकेक चेंबर उघडून नमुने घ्यायचे, कोरं कुठून येतं ते शोधायचं. नाही सापडलं तर आकडा काढायचा.

सापडेलच. आणि सापडला की मी त्याला असा झापणार आहे की ज्याचं नाव ते.

शुक्रवार, ८ मार्च

आज घरी भांडण. कुरियरने बाबांचा नवा नादकाटा आला. तिसरा! दोन महिन्यांत तिसरा!

बाबांनी आयुष्यभर पियानो जुळवले. काटा मांडीवर मारायचा, कानाशी धरायचा, मग पेटी उघडून तारा पिळायच्या. पण त्यांना खरं म्हणजे काटा लागतच नाही. कुकरची शिट्टी कुठल्या सुरात आहे ते जेवता जेवता सांगतात. आणि दोन महिन्यांपूर्वी तोच माणूस म्हणायला लागला, काटा बिघडला, खाली बोलतो. जानेवारीत संगीतशाळेचा पियानो काट्याला न जुमानता कानावर विसंबून जुळवला. सगळ्या तारा ताणल्या. दोन तुटल्या. मुख्याध्यापिकेचा फोन मला आला – "त्यांना जरा विश्रांती द्या." तेव्हापासून घरीच.

मी म्हटलं, बाबा, पोलादाचा तुकडा आहे तो! पोलाद बिघडत नाही!

"तू तुझ्या मशीनचं सांगतेस तेव्हा मी ऐकून घेतो," म्हणाले आणि काटा घेऊन वर गेले. दार लावलं. जेवायलाही आले नाहीत. आत्याने ताट वर नेलं आणि जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःच्याच घरात चोरट्यासारखं वाटलं.

सोमवार, ११ मार्च

दिवसभर गटारं. पालिकेचा एक माणूस सोबत दिलाय, त्याला मी झाकणदादा म्हणते. त्याला आवडलंय बहुतेक. प्रत्येक झाकण उचलण्याआधी त्यावर पहारीने टकटक करतो.

"कशाला हो?"

"आत कुणी असलं तर सावध होईल."

"कोण असणार?"

"मॅडम, तुम्ही आत औषधं शोधताय. मी झुरळांना सांगतोय. ज्याचं त्याचं काम."

आज पहिल्यांदा हसले. आठवड्यात पहिल्यांदाच.

कोरं मोठ्या रस्त्याने वर वर जातंय. शेवटी एक चेंबर आलं, तिथे दोन वाहिन्या मिळतात. डावी वृद्धाश्रमाकडून, उजवी आमच्या गल्लीकडून. आता सांगायला ज्योतिषी नको! सकाळी नाश्त्यानंतर कोरं येतं, रोज येतं. म्हणजे तिथली माणसं म्हाताऱ्यांना गोळ्या भरवायचा कंटाळा करतात आणि मोरीत टाकून मोकळी होतात. घरच्यांना कळतही नसेल. म्हातारं माणूस पडलं की वयोमानाने!

मंगळवार, १२ मार्च

गेले वृद्धाश्रमात. निकाल यायची वाट बघायला हवी होती, नाही बघितली. तिथल्या मेट्रनबाईंना सगळ्यांसमोर सुनावलं. तुमच्या भरवशावर लोक आईबाप ठेवतात, लाज वाटत नाही का, आणखी बरंच काही. एक आजोबा टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं कार्यक्रम आहे.

मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या, "ही गोळी आमच्याकडे कुणालाच चालू नाही हो."

हे असंच म्हणणार! मी तसं तोंडावर बोलले आणि निघाले. रस्त्यात बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

बुधवार, १३ मार्च

डाव्या वाहिनीचा निकाल. कोरं शून्य. दुपारी पचलेल्याचा निकाल आला – त्याची तपासणी वेगळी, ती नेहमी मागून येते – तोही शून्य.

कोरं नाही आणि पचलेलंही नाही, तर ती गोळी तिथे नाहीच. कुणी टाकत नाही, कुणी गिळतही नाही. बाई खरं बोलत होत्या.

फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कुणीतरी एवढं चिडून विचारायला येतं हेच बरं." ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

गुरुवार, १४ मार्च

उजवी वाहिनी. आमची गल्ली. कोरं भरपूर. पचलेलं शून्य.

म्हणजे आमच्या गल्लीत ही गोळी गिळणारं कुणीच नाही.

कुणीच.

शनिवार, १६ मार्च

काल काही केलं नाही. काल मी भ्याले.

आज सकाळी आत्याने नेहमीसारखी वाटी दिली. बाबांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, पेपरची घडी केली आणि संडासात गेले. मी दाराबाहेर उभी राहिले. पाणी सोडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले, मला पाहिलं आणि थांबले. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आत्याच्या हातातलं पातेलं पडलं.

काय काय बोलले! आठवडाभर मी नाल्यानाल्यात वाकतेय! त्या डॉक्टरला शिव्या घातल्या, त्या बाईंचा अपमान केला, आणि तुम्ही? जिन्यात मरायचंय का? कचऱ्यात का नाही टाकल्या? – आता हा काय प्रश्न झाला! पण विचारला.

"कचरा तुझी आत्या उपसते," बाबा म्हणाले.

मग खाली बसले. म्हणाले, गोळी घेतली की सगळं अर्धा सूर खाली ऐकू येतं. दाराची घंटा, कुकर, रस्त्यावरचे हॉर्न. आधी दोन काटे मागवले, दोन्ही खालीच. तेव्हा कळलं, काटे ठीक आहेत, मीच उतरलोय. गोळी बंद केली तसं आठवड्यात सगळं जागेवर आलं. तिसरा काटा नुसती खात्री करायला.

"आणि फिट?"

"फिट दोन मिनिटांची असते. मला ती कळतही नाही. हे दिवसभर असतं." मग म्हणाले, "तुझा आवाजसुद्धा. खोलीतून हाक मारायचीस आणि मला वाटायचं, घरात कुणी परकी बाई आलीय."

मला आणखी ओरडायचं होतं. मी आत्याचं पडलेलं पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं.

रविवार, १७ मार्च

आहे. छापलेलं आहे! चार-सहा जणांच्या नोंदी, बहुतेक वादक. हीच गोळी, हाच अर्धा सूर. गोळी बदलली की बरं वाटतं असंही लिहिलंय.

दोन वर्षं या औषधावर काम करतेय मी. ते नदीत किती दिवस टिकतं, माशांच्या यकृतात किती साचतं, सगळं तोंडपाठ. गिळणाऱ्या माणसाला कसं वाटतं हे एकदाही वाचलं नाही. प्रयोगशाळेत शेजारच्या खोलीत काम करणारी मैत्रीण हौदातल्या माशांनाही रोज विचारते, कसे आहात रे. मी बापाला म्हटलं, आधी फिटचं बोला.

सोमवार, १८ मार्च

डॉक्टरांपुढे छापील कागद धरले. या वेळी मान वर करावीच लागली. "हो, क्वचित होतं असं." क्वचित! म्हणजे ठाऊक होतं! मी टेबलावर हात आपटला, त्यांचं पेन खाली गडगडलं. बाबांनी माझी बाही ओढली.

गोळी बदलायची ठरलं. पण नवी गोळी हळूहळू चढवावी लागते. ती पुरेशी होईपर्यंत जुनी रोज घ्यायचीच, नाहीतर मोठी फिट येऊन जिवावर बेतेल. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

बाबा म्हणाले, "घेतो." घरी येऊन पुन्हा म्हणाले, "तुझी शपथ, घेतो." आत्यापुढे गोळ्या गिळून जीभ बाहेर काढून दाखवली, शाळकरी पोरासारखी. मग बराच वेळ तिथेच बसवून ठेवलं आम्ही त्यांना. आत्याने तेवढ्यात शेजारच्या तीन घरांच्या भानगडी सांगून टाकल्या. "गोळी परवडली," म्हणाले.

सरासरींनी विचारलं, सापडलं का कुठून येतंय ते? मी म्हटलं, नाही अजून.

बुधवार, २० मार्च

गल्लीच्या चेंबरमध्ये कोरं शून्य!!

झाकणदादाला चक्क पेढ – नाही, बिस्किटांचा पुडा दिला. पेढे परवा. येताना बाबांसाठी नवी टोपी घेतली, कपाळावरची खोक झाकायला. त्यांनी आरशात बघून म्हटलं, "चोर दिसतो." घालूनच बसले मात्र. आत्या गुणगुणत होती, ते नुसते ऐकत होते, दुरुस्त करत नव्हते.

माझा आवाज आज कसा लागतोय ते विचारलं नाही. थोडेच दिवस. नवी गोळी चढू दे.

शुक्रवार, २२ मार्च

परवाच्या नमुन्याच्या पचलेल्याचा निकाल आला. शून्य. कालच्या नमुन्याचाही शून्य.

वरच्या खोलीत बाबा नादकाटा वाजवतायत. खाली आले आणि म्हणाले, आज तुझा आवाज छान लागलाय.

मशीनमध्येच काहीतरी बिघडलं असेल.